फोटो केवढा छापू?

या वेळच्या टपालात निम्म्याहून जास्त पत्रं एकाच काळजीची आहेत: फोटो छापायचा आहे, पण केवढा? म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलून आज एवढंच घेते.

आधी माझ्याबद्दल दोन वाक्यं, म्हणजे माझे आग्रह कुठून आले ते कळेल. मी सव्वीस वर्षं डार्करूममध्ये काढली. तिथे प्रिंटचा आकार एनलार्जरचं, म्हणजे निगेटिव्हचं चित्र कागदावर मोठं करून पाडणाऱ्या यंत्राचं डोकं वर-खाली सरकवून ठरायचा. डोकं वर नेलं की खालच्या कागदावरचं चित्र मोठं व्हायचं, आणि त्याच वेळी मंदही व्हायचं. बाजू दुप्पट केली की उजेड चौपट वेळ द्यावा लागायचा. मोठं करायला काय मोजावं लागतं, ते त्या लाल दिव्यात रोज दिसायचं. आता स्क्रीनवर एक यादी उघडते, त्यातल्या एका आकारावर बोट ठेवलं की संपलं. म्हणूनच बहुधा चुका वाढल्या आहेत.

प्रश्न: ताई, डोंगरमाथ्यावरून टिपलेला पहाटेचा फोटो हॉलमध्ये सोफ्यामागच्या भिंतीवर लावायचा आहे. फोन १२ मेगापिक्सेलचा. लॅबवाले म्हणतात, ८ × १२ इंचांच्या वर गेलात तर फोटो फुटेल. भिंत मात्र मोठी आहे. काय करू?

लॅबवाले चूक सांगत नाहीत, पण तुमची भिंत त्यांनी पाहिलेली नाही. त्यांच्या डोक्यात हातात धरून बघायचा फोटो आहे.

त्यांचा हिशेब असा. १२ मेगापिक्सेलच्या फोटोत साधारण ४००० आडवे आणि ३००० उभे ठिपके असतात. छपाईचा सर्वांना पाठ असलेला आकडा म्हणजे इंचाला ३०० ठिपके. भागाकार केला की १३ बाय १० इंच येतात, आणि थोडी सावधगिरी म्हणून ते ८ × १२ वर थांबतात.

पण हे ३०० आले कुठून? निरोगी डोळ्याला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाएवढ्या कोनातलं अंतर वेगळं ओळखता येतं. फूटभर अंतरावर, म्हणजे पुस्तक धरतो तेवढ्या अंतरावर, तो कोन इंचाच्या सुमारे तीनशेव्या भागाएवढा भरतो. ३०० हा आकडा त्या फूटभर अंतरापुरता आहे. तुम्ही मागे सरकलात की तोही उतरतो. माझी घरगुती रीत सांगते: ३४०० ला तुमच्या अंतराच्या इंचांनी भागा. दोन फुटांवरून बघणार असाल तर २४ ने भागा, १४० च्या आसपास येतील. पाच फुटांवरून इंचाला ६० ठिपकेसुद्धा पुरतात.

आता तुमचा फोटो १८ × २४ इंचांचा केला तर इंचाला १६६ ठिपके पडतात. सोफ्यामागच्या भिंतीला नाक लावून कोणी उभं राहत नाही, मध्ये सोफाच असतो. तेव्हा बेधडक १८ × २४ करा. ३६ इंच रुंद केलात तरी १११ पडतील, तेही चालतील. त्याच्या पुढे मात्र मी जाणार नाही. लोकांना आवडलेल्या चित्राजवळ जायची खोड असते, आणि डोंगरावरच्या झाडांची पानं दिसतात का ते बघायला कोणीतरी सोफ्यावर गुडघा टेकून वाकतंच.

एक अट आहे. तुम्ही पहाटेचा फोटो म्हणता. अंधुक उजेडात फोनने काढलेल्या फोटोत सावल्यांच्या जागी वाळू सांडल्यासारखं दिसतं, किंवा फोन ती वाळू पुसायच्या नादात डोंगरच मेणाचा करून टाकतो. ४००० ठिपके मोजून भरले तरी त्यात ४००० ठिपक्यांचा ऐवज नसतो. झूम करून काढला असेल तर आणखी कमी. म्हणून फोटो कॉम्प्युटरवर उघडा, स्क्रीनवर प्रत्यक्ष मोजपट्टी धरा आणि फोटो २४ इंच रुंद होईल इतका मोठा करा. स्क्रीनमध्ये मावणार नाही, तुकड्या-तुकड्याने बघा. मग खुर्ची तुमच्या हॉलमधल्या अंतराएवढी मागे घ्या. तिथून खटकलं नाही तर भिंतीवरही खटकणार नाही.

ठिपक्यांचं झालं, आता भिंतीचं. माझ्या अनुभवात इथे चुका जास्त होतात, आणि बहुतेक लहान छापण्याच्या होतात. १२ × १८ चा प्रिंट हातात घेतला की दांडगा वाटतो, आणि सात फुटी सोफ्याच्या वर लावला की टपाल तिकिटासारखा दिसतो. सजावट करणारे सांगतात की खालच्या सामानाच्या रुंदीच्या साधारण दोन तृतीयांश जागा चित्राने व्यापावी. सात फुटी सोफ्याला हे ५६ इंच होतात, फ्रेम आणि आतली पांढरी पट्टी धरून. एकट्या फोटोने तेवढं भरायची गरज नाही, दोन-तीन मिळून भरलं तरी चालतं. पण आकडे बाजूला ठेवा आणि हे करा: रद्दीतले कागद जोडून १८ × २४ चा आणि २४ × ३२ चा असे दोन तुकडे कापा, चिकटपट्टीने भिंतीवर आलटून-पालटून लावा, प्रत्येक चार दिवस राहू द्या. चौथ्या दिवशी तुम्हाला उत्तर माहीत असेल.

मी स्वतः हे न करता एकदा तोंडावर पडले आहे. मुलाचा चेहरा, नुसता चेहरा, २० × ३० मध्ये छापला, कारण निगेटिव्ह सुरेख होतं आणि एनलार्जर माझ्या ताब्यात होता. लावला तीन फूट रुंद बोळात. माणसाचा चेहरा केसांपासून हनुवटीपर्यंत नऊएक इंच असतो. माझ्या मुलाचा झाला वीस. रात्री पाणी प्यायला उठलेलं प्रत्येक माणूस तिथे दचकायचं. सासूबाई पंधरा दिवस काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "अगं, तो घरात आहे ना, मग भिंतीतून कशाला बघतोय?" उतरवला. तेव्हापासून लहान जागेत चेहरा खऱ्या चेहऱ्यापेक्षा मोठा करायचा नाही, हा माझा नियम. डोंगर कितीही मोठा करा, तो दचकवत नाही.

प्रश्न: बाबांच्या पंचाहत्तरीचे फोटो ४ × ६ मध्ये छापून आणले. अर्ध्या फोटोंत कडेच्या माणसाचं डोकं नाहीतर पाय गायब! फोनमध्ये सगळे नीट आहेत. चूक लॅबची ना?

थोडी लॅबची, थोडी कागदाची, आणि रागावू नका, थोडी तुमचीही.

तुमचा फोन ४:३ च्या प्रमाणात फोटो काढतो. ४ × ६ चा कागद ३:२ चा आहे, म्हणजे जास्त लांबुळका. फोटो सहा इंच रुंद करून कागद भरायचा तर त्याची उंची होते साडेचार इंच. कागद चारच इंच. तो अर्धा इंच कुठे जाणार? वरून आणि खालून कापला जातो. नवव्या भागाएवढं चित्र गेलं, आणि त्या नवव्या भागात कोणाचं तरी डोकं होतं.

हे घोळ ऐतिहासिक आहेत. ऑस्कर बारनाक या जर्मन कारागिराने सिनेमाची ३५ मिलिमीटर फिल्म आडवी धरून २४ × ३६ मिलिमीटरची चौकट केली. त्यावरचा लायका कॅमेरा १९२५ साली बाजारात आला आणि ३:२ हे प्रमाण जगभर पसरलं. ४ × ६, ८ × १२, २० × ३० ही सगळी त्याची नातवंडं. ८ × १० हा त्याहून जुन्या घराण्यातला, मोठ्या डबा-कॅमेऱ्यांतल्या प्लेटचा आकार. आणि फोनचं ४:३ आलं जुन्या टीव्ही-कॉम्प्युटरच्या पडद्याकडून. तीन घराणी, सोयरीक कोणाचीच नाही. वाईट जोडी म्हणजे आजच्या मोठ्या, ३:२ वाल्या कॅमेऱ्याचा फोटो आणि ८ × १० चा कागद: बारा इंचांतले दोन इंच, म्हणजे सहावा हिस्सा सरळ जातो. दहाजणांच्या रांगेत एकदीड माणूस.

तेव्हा फोनच्या फोटोंना ६ × ८, ९ × १२, १२ × १६ किंवा १८ × २४ मागा, यात काही कापलं जात नाही. मोठ्या कॅमेऱ्याच्या फोटोंना ४ × ६, ८ × १२, १२ × १८, २० × ३०. ए-फोर आणि ए-थ्री हे दोघांच्या मधले, दोघांचंही थोडं-थोडं खातात. ४ × ६ च हवं असेल तर लॅबला सांगा, "कागद भरू नका, पूर्ण फोटो बसवा." दोन्ही बाजूंना पांढरी पट्टी राहील. मला ती पट्टी आवडते. बोटांचे ठसे तिच्यावर पडतात, चेहऱ्यावर नाही. आणि काठाविना छापताना मशीन फोटो किंचित फुगवून कडेचे दोन-तीन मिलिमीटर खातंच, त्यामुळे प्रमाण जुळलं तरी कोपऱ्यात लिहिलेली तारीख अर्धी जाते.

तुमची चूक एवढीच की सगळे कडेला टेकवून फोटो काढलात. पुढच्या वेळी एक पाऊल मागे या. बाबांच्या फोटोंपैकी ज्यांत डोकी गेली तेवढेच पुन्हा छापा, ६ × ८ मध्ये. मूळ फाइलमध्ये सगळे शाबूत आहेत.

प्रश्न: मुलीचे जन्मापासूनचे चारशे फोटो अल्बममध्ये लावायचे आहेत. कोणता आकार?

४ × ६. त्यातले वीस तुम्हाला फार आवडत असतील, ते ५ × ७ किंवा ६ × ८. चारशेचे दोनशे करता आले तर मुलगी मोठेपणी आभार मानेल.

प्रश्न: आत्याने साखरपुड्याचा एक सुंदर फोटो मोबाइलवर पाठवला. १२ × १८ करायला दिला तर लॅबने नाकारला. फोनवर तर एकदम स्पष्ट दिसतो!

फोनचा पडदा हातभर अंतरावरची पाच-सहा इंचांची खिडकी आहे. तिथे सगळंच स्पष्ट दिसतं.

निरोप पाठवायची ॲप्स वाटेत फोटो आवळतात. माझ्याकडे असे येतात ते बहुतेक १६०० × १२०० ठिपक्यांचे असतात. ४ × ६ ला ते झकास पुरतात, ६ × ८ पर्यंत ओढता येतात. १२ × १८ ला इंचाला नव्वदच्या खाली येतात. आणि ठिपके कमी होणं हे अर्धंच दुखणं. फाइल आवळताना चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडून प्रत्येकातला बारीक तपशील टाकून दिला जातो. फार आवळलं की ते चौकोन उघडे पडतात, सगळ्यात आधी आकाशात आणि गालांवर. साखरपुड्यात गालच तर बघायचे असतात.

आत्यांना सांगा, तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे फाइल जशीच्या तशी येते. आणि स्क्रीनशॉट काढून पाठवू नका म्हणावं. हे मुद्दाम लिहिते, कारण आत्या, मावश्या आणि माझे सख्खे बंधू यांना स्क्रीनशॉट हाच फोटो वाटतो.

प्रश्न: माझ्या कॅमेऱ्याचा फोटो सॉफ्टवेअरमध्ये उघडला तर '७२ डीपीआय' असं दिसतं. छपाईला ३०० लागतात ना? कन्व्हर्ट करून घ्यावा का? की १०८ मेगापिक्सेलचा नवा फोन घेऊ?

दोन्ही नको.

तो ७२ डीपीआय, म्हणजे इंचाला ७२ ठिपके, ही फाइलला लावलेली नुसती चिठ्ठी आहे. तागा तेवढाच राहतो, कोणी त्याला इंचात मोजतं, कोणी मीटरमध्ये. ६००० × ४००० चा फोटो ७२ ने मोजला तर ८३ इंच रुंद, ३०० ने मोजला तर २० इंच. ठिपके तेच. तुम्ही फक्त एकूण आडवे आणि उभे ठिपके बघा. 'कन्व्हर्ट' करताना सॉफ्टवेअरला ठिपके वाढवायची किंवा कमी करायची परवानगी चुकून दिलीत तर मात्र खरंच नुकसान होतं.

फोनचं म्हणाल तर १०८ वगैरे आकड्यांचे फोन नखाएवढ्या सेन्सरवर ते ठिपके कोंबतात, आणि रोजच्या वापरात शेजारचे नऊ-नऊ मिळून एक करून १२ मेगापिक्सेलचाच फोटो देतात. भरउन्हात पूर्ण आकड्याने काढलात तर थोडा फायदा दिसतो. घरातल्या दिव्यात नाही.

प्रश्न: शाळेच्या बॅचचं पंचवीस वर्षांनी संमेलन झालं. ४२ जणांचा तीन रांगांतला फोटो आहे. सर्वांना एकेक प्रत द्यायची, ५ × ७ ठीक का?

ग्रुप फोटोत कागदाचा आकार विचारू नका, चेहऱ्याचा विचारा.

एका रांगेत चौदाजण. ५ × ७ ची लांब बाजू १७८ मिलिमीटर, म्हणजे माणशी पावणेतेरा मिलिमीटर, आणि तेही दोन्ही कडांना जागा सोडली नाही तर. खांद्याच्या रुंदीच्या साधारण एक तृतीयांश डोकं धरा. चेहरा आला चार-साडेचार मिलिमीटर, शर्टाच्या गुंडीच्या निम्म्याहून कमी. पंचवीस वर्षांनी केस आणि पोट यांत एवढे फेरफार झालेले असताना एवढ्याशा चेहऱ्यावरून कोण कोणाला ओळखणार?

८ × १२ मध्ये चेहरा सात मिलिमीटरच्या आसपास जातो. हे किमान. १२ × १८ मध्ये दहा-अकरा, म्हणजे करंगळीच्या नखाएवढा. तिथे हसणंही दिसतं. माझी शिफारस: सगळ्यांना ८ × १२, आणि शाळेला एक १२ × १८. खाली पांढरी पट्टी सोडून रांगेप्रमाणे नावं छापा. आज सगळ्यांना सगळी नावं आठवतात म्हणून हे कोणी करत नाही.

फाइल १२ मेगापिक्सेलची असेल तर १२ × १८ ला इंचाला २२२ पडतात, काळजी नाही. चौकट ४:३ ची असेल तर वरचं आकाश आणि खालची जमीन कापली जाईल, ती जाऊ द्या.

प्रश्न: आजीचा एकच फोटो आहे, लग्नाआधीचा. तीन इंचांचासुद्धा नाही, कडा कातरलेल्या, निगेटिव्ह नाही. दिवाणखान्यात मोठा करून लावायचा आहे, २० × ३०. एक जण सांगतो, ॲपने कितीही मोठा होतो. खरं का?

होतो. पण मग भिंतीवर कोण असेल, हा प्रश्न आहे.

तसली ॲप्स नसलेला तपशील अंदाजाने भरतात. डोंगराचं झाड अंदाजाने भरलं तर कोणाचं काही बिघडत नाही. चेहऱ्याचं तसं नाही. तुमच्या फोटोत आजीचा डोळा जेमतेम दोन मिलिमीटरचा असेल. ॲप त्याला पापण्या देईल, बुबुळात चमक देईल, गाल गुळगुळीत करेल. कोणत्या तरी बाईचे अतिशय सुरेख डोळे तुमच्या आजीच्या पदराखाली येऊन बसतील. माझ्याकडे एकांनी असा करून आणलेला फोटो त्यांच्या ऐंशी वर्षांच्या आईला दाखवला. त्या म्हणाल्या, "छान आहे. कोण ही?"

आता काय होऊ शकतं ते सांगते. कातरलेल्या कडांचे ते छोटे फोटो पुष्कळदा निगेटिव्ह कागदावर थेट टेकवून काढलेले असतात, मोठे न करता. त्यांच्यात वाटतो त्यापेक्षा जास्त ऐवज असतो. म्हणून मोबाइलने त्याचा फोटो काढू नका, सपाट स्कॅनरवर १२०० डीपीआयने स्कॅन करून घ्या, काळा-पांढरा असला तरी रंगीत मोडमध्ये. पिवळे डाग पुढे काढायला सोपे जातात. सव्वादोन बाय पावणेतीन इंचांच्या फोटोतून २७०० × ३३०० ठिपके मिळतील. कागदावर हे ९ × ११ इंच होतात. पण जुन्या साध्या कॅमेऱ्याचं भिंग तेवढं तिखट नसतं. माझ्या हिशेबाने मूळच्या दुप्पट-अडीचपटीपर्यंत आजी आजी राहील, म्हणजे ५ × ७ च्या आतबाहेर. आधी दोन आकारांत नुसता चेहऱ्याचा भाग छापून बघा. डार्करूममध्ये आम्ही पूर्ण कागद वाया घालवायच्या आधी अशीच एक चिंचोळी पट्टी काढायचो.

दिवाणखान्यासाठी फ्रेम मोठी घ्या, १६ × २० ची. आत किंचित पिवळसर पांढऱ्या रंगाचा माउंट, म्हणजे फोटोभोवतीचा जाड पुठ्ठा, मधोमध खिडकी, खालची पट्टी वरच्यापेक्षा अर्धा इंच जास्त. खिडकी प्रिंटपेक्षा चारी बाजूंनी इंचाच्या आठव्या भागाने लहान कापायला सांगा, नाहीतर प्रिंट मागून निसटतो. भिंतीवर फ्रेमची हजेरी पूर्ण लागेल, आणि आजीला बघायचं असेल त्याला दोन पावलं जवळ यावं लागेल. खिळा असा ठोका की चित्राचा मध्य जमिनीपासून ५७-५८ इंचांवर येईल. घरातली माणसं बुटकी असतील तर आणखी दोन इंच खाली.

आणि मूळ फोटो फ्रेममध्ये घालू नका. उजेडात तो फिका पडत जातो आणि काचेला चिकटला तर सोडवताना सालपट निघतं. स्कॅन झाला की आम्लमुक्त कागदाच्या पाकिटात कपाटात ठेवा. त्याच्यामागे पेनाने काही लिहू नका, शाई पुढे उमटते. आजीचं माहेरचं नाव आणि अंदाजे साल पाकिटावर लिहा, पेन्सिलीने, फोटो आत घालायच्या आधी.